इस्पितळातले सव्वीस दिवस

वर्षाच्या अकराव्या महिन्यातील चौदा तारखेस, मंगळवारी, सकाळी ठीक दहा वाजता, संयुक्त पुरवठा डेपोच्या मुख्य इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील सहा क्रमांकाच्या खोलीत चौकशी मंडळाची पहिली बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष हवाई दलाचे एक ग्रुप कॅप्टन होते. त्यांच्या उजव्या हाताला पायदळाचे एक लेफ्टनंट कर्नल आणि डाव्या हाताला नौदलाचे एक कमांडर बसले होते. उजवे कोण आणि डावे कोण, हे सहज ठरलेले नव्हते. हे दोन्ही हुद्दे एकाच पायरीवरचे. पण लेफ्टनंट कर्नलांनी ती पायरी सात महिने आधी गाठली होती, म्हणून उजव्या हाताचा मान त्यांचा. खुर्च्यांवर नावाच्या पाट्या ठेवणाऱ्या शिपायाला हे ठाऊक नव्हते. त्याने त्या उलट ठेवल्या होत्या, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या चौथ्या साक्षीदाराने दारातून डोकावून, बोटाच्या एका खुणेने, त्या बदलून घेतल्या होत्या.

हे साक्षीदार म्हणजे डेपोचे हुद्देनोंद कारकून. हुद्द्याने हवालदार, बाहीवर तीन पट्ट्या, नोकरीला सव्वीस वर्षे, आणि अवघ्या डेपोत त्यांना पायरीमास्तर याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. मांडीवर मेणकापडात गुंडाळलेली ज्येष्ठतेची नोंदवही घेऊन ते ताठ बसले होते. वहीची एक फूट उंच पाठ त्यांच्या पोटाला टेकली होती, आणि तिच्यातील एकशे एकोणचाळिसाव्या पानासाठी आज त्यांना बोलावले होते.

या डेपोत पायदळ, नौदल आणि हवाई दल ही तिन्ही दले एका छपराखाली नांदत, आणि तीन सुनांच्या घरात चुलीवरून जितकी भांडणे होतात तितकी इथे हुद्द्यांवरून होत. पायदळाचा हुद्दा खांद्यावर असतो, नौदलाचा बाहीच्या सोनेरी फितींत असतो, आणि हवाई दलाने नावेच निराळी ठेवून घेतली आहेत. तेव्हा नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी मास्तरांपुढे उभे केले जाई. भिंतीवर तीन शिड्यांचा एक तक्ता टांगलेला होता. त्यावर लाकडी पट्टी ठेवून मास्तर सांगत: तारे मोजू नका, फिती मोजू नका, पायरी बघा. एका वर्षी विश्रामगृहाच्या नव्या व्यवस्थापकाने नौदलाच्या कॅप्टनना पायदळातले कॅप्टन समजून जिन्याखालची खोली दिली होती. पायदळाच्या कर्नलच्या तोडीचा तो गृहस्थ सकाळी साबणाची वडी हातात धरून सामाईक न्हाणीघरापुढे रांगेत तिसरा उभा होता, आणि त्याच्या पुढे दोन ड्रायव्हर होते. व्यवस्थापक त्याच दुपारी वही-पेन्सिल घेऊन मास्तरांकडे शिकायला आला.

मास्तरांचा दुसरा नियम असा की, एका पायरीवर दोघे उभे राहिले तर जो आधी आला तो वरचा. तिसरा नियम मात्र कोणी ध्यानात ठेवीत नसे, आणि सगळे रामायण त्या तिसऱ्यातून घडले. हंगामी हुद्दा हा उसन्या छत्रीसारखा असतो. कायम हुद्दा कॅप्टनचा असून कामापुरता मेजर झालेला अधिकारी एकवीस दिवसांहून अधिक काळ इस्पितळात राहिला, तर तो आपोआप पुन्हा कॅप्टन होतो. कामावर परतल्यावर त्याला मेजरपद पुन्हा मिळते, पण त्याची ज्येष्ठता त्या परतीच्या दिवसापासून नव्याने मोजायची. मधले दिवस पुसता येत नाहीत आणि मागचे जोडता येत नाहीत.

डेपोचे मेजर असेच हंगामी मेजर होते. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खांद्यावरचे तीन तारे उतरून तिथे मेजरची मुद्रा चढली. नौदलाच्या तुकडीवरच्या बाई त्याच पायरीवर, म्हणजे लेफ्टनंट कमांडर. त्यांना तो हुद्दा दुसऱ्या महिन्याच्या नऊ तारखेला मिळाला. मेजर एकोणचाळीस दिवसांनी वरचे, याबद्दल वाद नव्हता. पुढे सहाव्या महिन्यात तिन्ही दलांचा फुटबॉलचा सामना झाला, मेजर नौदलाच्या गोलकडे वाऱ्यासारखे धावले, आणि पाय मोडून तीन तारखेला इस्पितळात दाखल झाले. एकोणतीस तारखेला बाहेर आले. दिवस भरले सव्वीस.

बाविसाव्या दिवशी सकाळी मास्तरांनी नियमाप्रमाणे हुकूम टंकला, कमांडंट कर्नलसाहेबांच्या सहीच्या गठ्ठ्यात ठेवला, आणि साहेबांनी तो गठ्ठ्यातल्या बाकीच्या चाळीस कागदांसारखाच, फोनवर बोलता बोलता, सही करून परत पाठवला. मेजर रुजू झाले तेव्हा दुसरा हुकूम, दुसरी सही. एकशे एकोणचाळिसाव्या पानावर दोन्ही नोंदी चढल्या. पण आजारी माणसाच्या खांद्यावरची मुद्रा उतरवायला कोण जाणार? कोणी गेले नाही. मेजर पूर्वीसारखेच मेजर राहिले, निदान आरशात.

त्यानंतर नवव्या महिन्याच्या अठरा तारखेचे वादळ आले. कर्नलसाहेब आदल्या दिवशी मुख्यालयात गेले होते आणि दुपारी एक वाजता बाहेरगावचा फोन मेला. धक्क्यावरच्या तीन गोदामांत हिवाळ्याचा साठा होता: तंबू, घोंगड्या, बूट. मेजरांनी हुकूम दिला की धक्क्याचे फाटक बंद करावे, सर्व एकशे बारा माणसांनी आत राहून साठा वरच्या फळ्यांवर चढवावा आणि दारांशी वाळूची पोती रचावीत. समुद्र ओळखणाऱ्या नौदलाच्या बाईंनी सांगितले की चार वाजता भरती आहे, वारा असाच राहिला तर गोदामे टिकणार नाहीत, साठा सोडा आणि माणसे वर आणा. फाटकाची किल्ली पहारेकऱ्याकडे होती. दोन कानांत दोन हुकूम पडल्यावर त्या बिचाऱ्याने आतल्या फोनवरून मास्तरांना विचारले, “मास्तर, एक साहेब म्हणतात बंद ठेव, मॅडम म्हणतात उघड. मी कुणाचं ऐकू?”

मास्तरांना उत्तर पाठ होते. तरी त्यांनी फोन बाजूला ठेवला, लोखंडी कपाट उघडले, वही काढली, पान काढले आणि दोन्ही तारखांवर पट्टी ठेवून त्या वाचल्या. यात चार मिनिटे गेली. त्या चार मिनिटांचा हिशोब ते पुढे कित्येक दिवस स्वतःपाशी करीत राहिले, आणि दर वेळी त्याच निर्णयाला येत: आठवणीतून सांगितले असते तर ते पायरीमास्तरांचे मत झाले असते, वाचून सांगितले म्हणून ती नोंद झाली. मग त्यांनी फोन उचलला आणि म्हटले, “हुकूम बाईंचा. उघड फाटक.”

चार वाजून दहा मिनिटांनी समुद्राने मधल्या गोदामाचे छप्पर पत्त्याच्या डावासारखे उचलले. घोंगड्या आठवडाभर किनाऱ्याला लागत होत्या. माणूस एकही गेला नाही, आणि चौकशीच्या दृष्टीने हीच अडचण झाली. कारण गेलेल्या घोंगड्या यादीत मांडता येतात, न गेलेली माणसे कोणत्या रकान्यात दाखवायची? मेजरांनी लेखी तक्रार केली की कनिष्ठ अधिकाऱ्याने वरिष्ठाचा हुकूम मोडून अधिकार बळकावला, त्यापायी सैन्याचा हिवाळा पाण्यात गेला. हे सिद्ध झाले तर बाईंवर लष्करी खटला आणि हुद्दा जाणे ठरलेले. बाई कनिष्ठ होत्या की वरिष्ठ, हे मात्र जगात एकाच पानावर लिहिलेले होते.

म्हणूनच बैठकीच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी चार वाजता, कर्नलसाहेबांनी मास्तरांना दालनात बोलावले आणि म्हटले, बसा. सव्वीस वर्षांत कोण्या कर्नलने त्यांना बसा म्हटले नव्हते, आणि आपल्या पायरीची नसलेली खुर्ची कोणी आग्रहाने पुढे केली की तिचे भाडे जबर असते, हे ते जाणून होते. ते बसले, पण खुर्चीच्या टोकावर, फांदीवरच्या कावळ्यासारखे.

कर्नलसाहेब वाईट मनुष्य नव्हते. वाईट माणसाशी लढणे सोपे असते. त्यांनी शांतपणे सांगितले की नियम नियमाच्या जागी ठीक आहे, परंतु प्रघात म्हणूनही काही चीज असते; पाय टांगलेल्या माणसाच्या खांद्यावरची मुद्रा आजवर कोणत्या डेपोत कोणी उतरवली आहे? मुख्यालयात जाताना आपण स्वतः सर्वांसमोर म्हटले होते की मागे मेजर आहेतच. मास्तरांनी नम्रपणे विचारले की ते लेखी होते काय. लेखी नव्हते, आणि साहेबांच्या गळ्याशी आलेला फास हाच होता: बाई वरिष्ठ ठरल्या तर मुख्यालय विचारणार की आपल्या डेपोत वरिष्ठ कोण हे कमांडंटला ठाऊक कसे नव्हते, आणि स्वतः सही केलेले दोन हुकूम त्याने वाचले कसे नव्हते.

त्यांनी एक टंकलेला कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की एकशे एकोणचाळिसाव्या पानावरील दोन्ही नोंदी कारकुनाच्या नजरचुकीने झाल्या असून त्या रद्द समजाव्यात. खाली सहीची जागा रिकामी होती. “सुभेदारांची एक जागा तीन महिन्यांत रिकामी होतेय,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “खांद्यावर तारे लावूनच घरी जा की. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचेच तारे लिहिलेत.” आणि मग, तितक्याच सौम्यपणे, त्यांनी दुसरी बाजू मांडली. ज्येष्ठतेची नोंदवही कमांडंटच्या परवानगीविना उघडायची नाही असा नियम आहे. ती वादळाच्या दिवशी उघडली गेली, तिच्यातील मजकूर एका पहारेकऱ्याला फोनवरून सांगितला गेला. याबद्दल एक पट्टी उतरवण्याचा अधिकार कमांडंटला आहे. नियमांवर प्रेम करणाऱ्या माणसाला नियम समजावून सांगायची गरज नसते, असेही ते म्हणाले. मास्तरांनी कागदाची घडी घातली, उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली आणि उठून सलाम केला.

ते थेट शिवणघरात गेले. मास्तरांची पत्नी डेपोची शिंपीण होती. मास्तर जे वहीत लिहीत ते ती अंगावर चढवी. तिच्या खोलीत खिडकीशी पायाचे मशीन होते, भिंतीला खणाखणांची पेटी होती, एकेका खणात तारे, मुद्रा, पट्ट्या, आणि रिळांवर गुंडाळलेली जाड आणि बारीक सोनेरी फीत. नौदलाच्या बाईंच्या हुद्द्याला दोन जाड फिती आणि मधे एक बारीक लागते. बुद्धिबळातल्या घोड्यासारखा अडीच घरांचा हुद्दा आहे, सरळ चालायचाच नाही, असे ती त्या बाह्या शिवताना म्हणे, आणि बाईंनाही तो विनोद आवडे.

मास्तरांनी तिला सगळे सांगितले. ती कोणाच्यातरी सदऱ्याचे काज करीत होती. तिने मान वर केली नाही. मास्तर मग स्वतःशीच वाद घालावा तसे दोन्ही बाजू मांडू लागले: सही केली तर एक बाई बुडते, न केली तर आपण, आणि आपल्या जागी जो येईल तो पहिल्या दिवशी सही करील, म्हणजे बाई तरीही बुडते आणि वर आपणही. तिने दाताने दोरा तोडला.

“अहो, सुभेदार झालात तर ते तारे शिवायचे कुणी?”

“तू. दुसरं कोण आहे इथं?”

“मी हात लावणार नाही. दुसरी शिंपीण बघा.” तिने सुई गादीत टोचली. “आणि पट्टी उसवायची झाली तर तीही मीच उसवीन. लोकांच्या हाताने कापड फाटतं.”

मग ती उठली, खणांच्या पेटीच्या तळाशी असलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिने काढला आणि थुंकी लावून चिठ्ठ्या उलटत एक बाहेर ओढली. शिवणघरात येणाऱ्या प्रत्येक कामाची चिठ्ठी असे, आणि झालेल्या न झालेल्या सगळ्या चिठ्ठ्या ती जपून ठेवी. नवऱ्याचा वाण नाही पण गुण तिला लागला होताच. त्या चिठ्ठीवर सहाव्या महिन्याची पंचवीस तारीख होती. मास्तरांच्या हुकुमाची प्रत मिळाल्यावर तिने ती मेजरांच्या नोकराबरोबर इस्पितळात पाठवली होती, आणि नोकराने परत आणली होती. मास्तरांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

मंगळवारी दहाच्या आधी मास्तरांनी कर्नलसाहेबांच्या शिपायाकडे तो टंकलेला कागद परत दिला. सहीविना.

आता आतून हाक आली. खोलीत लांब टेबल, त्यावर हिरवे कापड, पाण्याचे तीन पेले. डाव्या भिंतीशी मेजर काठी गुडघ्यांत धरून, उजव्या भिंतीशी नौदलाच्या बाई, हात मांडीवर, चेहरा वाऱ्याकडे धरावा तसा. कर्नलसाहेब मागच्या ओळीत होते. मास्तरांनी पान उघडले, नोंदी वाचल्या, हुकुमांच्या प्रती दाखवल्या. अध्यक्षांचा आवाज बारीक आणि कोरडा होता. नोंद नजरचुकीने झाली असे म्हणता येईल काय, असे त्यांनी विचारले, कारण तसा एक विचार त्यांच्या कानावर आला होता. मास्तर म्हणाले की नजरचूक एका नोंदीत होऊ शकते. इथे दोन हुकूम, दोन सह्या आणि दोन नोंदी आहेत. नजर सहा वेळा चुकत असेल तर तिला नजरचूक म्हणत नाहीत, आंधळेपणा म्हणतात, आणि मग डेपोतल्या एकाही माणसाचा हुद्दा खरा धरता येणार नाही, साक्षीदाराचा धरून.

मेजरांना प्रश्न विचारण्याची मुभा होती. ते काठीवर भार देऊन उठले. साहसी, उमदा गडी. खोटे बोलतो आहोत असे त्यांना क्षणभरही वाटत नव्हते, आणि आपल्या खांद्यावर जे होते ते आपलेच होते यावर त्यांची श्रद्धा होती.

“हवालदार, मी इस्पितळात असताना तुम्ही मला भेटायला आला होतात. पंचविसाव्या दिवशी. फळं घेऊन.”

“आलो होतो, साहेब.”

“तुमच्या वहीप्रमाणे मी तेव्हा कॅप्टन होतो. मग मला हाक काय मारलीत?”

“मेजरसाहेब म्हणून.”

मागच्या ओळीत कोणीतरी हसले. मेजरांनी अध्यक्षांकडे पाहिले आणि विचारले, “का बरं?”

“आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून, साहेब. वहीला बरं वाटावं म्हणून मला काही करावं लागत नाही. ती आजारी पडत नाही.”

मग मास्तरांनी शिवणघराची चिठ्ठी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली: काम — मेजरची मुद्रा उतरवून कॅप्टनचे तीन तारे लावणे. झाले की नाही — नाही. कारण — साहेबांचा नोकर म्हणतो, साहेबांच्या अंगात इस्पितळाचा झगा आहे, झग्याला खांदे नाहीत, तारे पाठीवर लावायचे काय? या वेळी नौदलाचे कमांडरही हसले. मेजरांचे कान मात्र लाल झाले, कारण नोकराने परतवलेला तो कागद काय होता हे त्यांना आत्ता, या खोलीत, इतक्या लोकांदेखत कळत होते. ते हळूच खाली बसले. मास्तरांना त्या हसण्याचा आनंद झाला नाही. तारीख सिद्ध झाली एवढेच त्यांना हवे होते: वादळाच्या पंच्याऐंशी दिवस आधी, कोणाच्या स्वप्नातही वादळ नसताना, ही पायरी उतरलेली होती.

अध्यक्षांनी चिठ्ठी खाली ठेवली आणि एक प्रश्न विचारला, जो कोणाच्याच यादीत नव्हता. समजा, वहीत मेजर वरिष्ठ निघाले असते. आत एकशे बारा माणसे, बाहेर समुद्र. मग पहारेकऱ्याला काय सांगितले असते?

कर्नलसाहेब पुढे झुकले, कारण या उत्तराच्या दोन्ही टोकांना काटा होता: बाईंचाच हुकूम सांगितला असता म्हणावे तर वही दिखाऊ ठरते, आणि मेजरांचा म्हणावे तर माणसे बुडतात. नौदलाच्या बाईंनी पहिल्यांदाच मान वळवून मास्तरांकडे पाहिले.

“हुकूम मेजरसाहेबांचा, असंच सांगितलं असतं,” मास्तर म्हणाले. मग वही मिटत पुढे म्हणाले: “आणि खाली जाऊन फाटक मी स्वतः उघडलं असतं. हुकूम मोडल्याची जी काय शिक्षा असेल ती घेतली असती. पण ती शिक्षा चुकावी म्हणून वहीत खोटं लिहिलं नसतं. तेव्हा नाही, आणि काल दुपारीही नाही.”

काल दुपारी काय झाले, असे अध्यक्षांनी विचारले नाही. त्यांनी फक्त मागच्या ओळीकडे एकवार पाहिले आणि पेल्यातले पाणी प्यायले.

गुरुवारी सोळा तारखेला कमांडंटचा हुकूम निघाला. मास्तरांना दालनात उभे करून आरोप वाचून दाखवला गेला: नोंदवही विनापरवाना उघडणे, तिच्यातील मजकूर अनधिकृत माणसाला सांगणे. या वेळी कोणी बसा म्हटले नाही. काही म्हणायचे आहे काय, असे साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारले. मास्तर म्हणाले, “आरोप खरा आहे, साहेब. खऱ्यावर सही करायला माझी हरकत नाही,” आणि त्यांनी सही केली. साहेबांनी ती सही जरा अधिकच वेळ न्याहाळली.

हवालदाराचा नाईक होणे म्हणजे तीन पट्ट्यांच्या दोन होणे. हा बदल नोंदवहीत चढवायचा होता, आणि ते काम ज्याचे होते त्याच्याच विषयी ते होते. हाताखालच्या कारकुनाने, मी लिहितो हो मास्तर, असे अडखळत म्हटले. मास्तरांनी त्याला बाजूला केले, दौत जवळ ओढली, स्वतःचे पान काढले आणि इतरांच्या नोंदी लिहीत त्याच वळणदार अक्षरात, ना एक रेष जाड ना एक बारीक, तारीख, कारण आणि हुकूम क्रमांक लिहिला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली नाही. फुंकर घातली की अक्षराला डाग पडतो.

शिवणघरात पत्नीने सदरा मांडीवर घेतला आणि ब्लेडच्या टोकाने पट्टी उसवायला सुरुवात केली. तिचा हात हलका होता. तरी जिथे पट्टी होती तिथे कापड गडद राहिले, कारण बाकीच्या बाहीने वर्षानुवर्षे ऊन खाल्ले होते. हा डाग काय धुऊन जायचा नाही, ती म्हणाली. नव्या कापडाचा सदरा शिवून देऊ का, असेही तिने विचारले. मास्तरांनी नको म्हटले. उसवलेली पट्टी मात्र तिने कचऱ्यात टाकली नाही. पेटीच्या खणात, इतर पट्ट्यांत मिसळणार नाही अशी, एकटी ठेवून दिली.

पुढचे चार दिवस डेपोतल्या लोकांना हाक मारण्याची पंचाईत पडली. नाईक म्हणवेना आणि हवालदार म्हणणे बेकायदेशीर. पहारेकऱ्याने, जो स्वतः नाईक होता आणि आता मास्तरांच्या बरोबरीचा झाला होता, सवयीने आधी सलाम ठोकला. मास्तरांनी त्याला जागच्या जागी थांबवून विचारले की एका पायरीवर दोघे आले तर वरचा कोण. जो आधी आला तो, पहारेकरी पुटपुटला. तू नाईक होऊन चार वर्षं झाली, मला एक दिवस, मास्तर म्हणाले, आणि त्यांनीच त्याला आधी सलाम केला.

मंगळवारी, एकवीस तारखेस, सकाळी दहा वाजता त्याच सहा क्रमांकाच्या खोलीत निकाल सांगण्यासाठी मंडळ बसले. खुर्च्या या वेळी बरोबर होत्या. अध्यक्षांनी अहवाल वाचायला घेतला. घटना, तारखा, साक्षी अशा क्रमाने ते चौथ्या साक्षीदारापाशी आले आणि त्यांनी वाचले, साक्षीदार क्रमांक चार, हवालदार, हुद्देनोंद कारकून. ओळीच्या टोकाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उभे राहिले होते.

“माफ करा, साहेब. अहवालात चूक आहे. नाईक, पाच दिवसांपासून.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे, मग त्यांच्या बाहीवरच्या गडद डागाकडे पाहिले. तो डाग एखाद्या पट्टीपेक्षा ठळक दिसत होता. कोणत्या हुकुमाने, असे त्यांनी विचारले. मास्तरांनी क्रमांक आणि तारीख सांगितली, आणि नोंद कोणी केली या प्रश्नाला, मीच, असे उत्तर दिले. कर्नलसाहेब खिडकीबाहेर बघत होते. तिथे धक्क्यावर नव्या गोदामाचे खांब उभे राहत होते. अध्यक्षांनी टाक घेतला, अहवालातला शब्द खोडून वर दुसरा लिहिला, समासात सही केली. उरलेली पाने त्यांनी वाचली नाहीत. कागद पालथे ठेवून ते बोलले.

“वादळाच्या दिवशी डेपोचा हुकूम नौदलाच्या बाईंकडे होता. त्यांच्यावर कोणताही ठपका नाही. नोंदवही बरोबर आहे.” मग ते मास्तरांकडे वळले. “तुमची पट्टी उतरवली, ते चुकलं. कर्नलसाहेबांचा आणि माझा हुद्दा एकाच पायरीवरचा आहे, त्यामुळे ती परत लावायचा हुकूम मला देता येत नाही. पण चुकलं, असं मी लिहून देतो.”